राणीच्या बागेचा रोल

आमच्या डोंबिवलीच्या घरात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंत न्हाणीघर बंद असते. दारावर मुलीने एक पुठ्ठा टांगला आहे. त्यावर लिहिले आहे, "आत बाबा आहेत. दार उघडल्यास बाबा ओरडतील." मजकुरात व्याकरणाची चूक नाही, म्हणून मी तो तसाच राहू दिला. आत मी काय करतो, असे शेजारच्या वहिनींनी एकदा विचारले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी "ते धुणं धुतात" एवढेच सांगितले. वहिनींच्या मनात माझ्याविषयी जो आदर निर्माण झाला, तो अजून टिकून आहे. मीही त्याला धक्का लावलेला नाही.

तसे पाहिले तर उत्तर खोटे नव्हते. मराठीत फिल्म 'धुतात'च. 'रोल धुवायला टाकला', 'फोटो धुवून आले' असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. इंग्रजी शब्दात उमलण्याचा, उलगडण्याचा भाव आहे. आपल्याला मात्र त्यात बालदी आणि पाणीच दिसले. मराठीचा मास्तर म्हणून मला हा शब्द फार आवडतो. रोल घरी धुवायला लागल्यापासून तर तो किती अचूक आहे हे हाताला कळले. चार-पाच तासांच्या या खटाटोपात निम्म्याहून अधिक वेळ पाण्यातच जातो.

मी मूळचा फोटोग्राफर नव्हे. हा नाद लागला तो तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या साफसफाईत. माळ्यावरच्या ट्रंकेत, अण्णांच्या जुन्या पगारपत्रकांच्या खाली, एक मेणकागदाचे पाकीट सापडले. त्यात बारा निगेटिव्ह होत्या, तीन-तीनच्या चार पट्ट्या. पाकिटावर अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, "राणीची बाग, श्रावण, १९७६."

अण्णा लालबागच्या चाळीत राहत आणि एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. १९७५ साली त्यांचे लग्न झाले. पुढच्या वर्षी बोनसमधून त्यांनी आगफा क्लिक-थ्री हा कॅमेरा घेतला. बडोद्यास तयार होणारा हा काळा डबा त्या काळी कितीतरी मध्यमवर्गीय घरांत होता. त्याच्यात बारा चौकोनी फोटोंचा रोल बसे. शटरचा वेग एकच, आणि भिंग उघडण्या-मिटण्याला फारसा वाव नाही. ऊन असेल तर फोटो येणार, नसेल तर नशिबावर सोडायचे! अशा कॅमेऱ्याने अण्णांनी आईला घेऊन श्रावणातल्या एका रविवारी राणीच्या बागेत बारा फोटो काढले. नाक्यावरच्या स्टुडिओने रोल धुऊन निगेटिव्हएवढेच छोटे फोटो करून दिले. ते पुढे घरे बदलताना कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नाही. राहिल्या फक्त निगेटिव्ह.

आई १९८७ साली गेली. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. घरात तिचा एकच चांगला फोटो आहे, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेला कारंजा आहे.

त्या बारांपैकी अकरांत झाडे आहेत, मनोरा आहे, हत्ती आहे, माणूस नाही. अण्णांना देखावे काढायची हौस. सातव्या फोटोविषयी ते लहानपणापासून मला सांगत आले होते, "एकात तुझी आई आहे. मोठ्या झाडाखाली उभी होती. पण स्टुडिओवाल्याच्या फोटोत नुसतं काळंच आलं."

आता राणीच्या बागेविषयी मुंबईकराला काय सांगावे? महापालिकेच्या दप्तरी तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ सालच्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ही बाग खुली झाली. २०१७ पासून लोक तेथे पेंग्विन पाहायला रांगा लावतात, आणि त्यापूर्वी हत्तीवर बसायला जात. पण मुळात ती झाडांची बाग आहे. गोरखचिंचेची अजस्र खोडे, खोडालाच फुले धरणारा कैलासपती, छत्रीसारखे पसरलेले पर्जन्यवृक्ष, हे सगळे भायखळ्यासारख्या गजबजलेल्या वस्तीत एका कुंपणात उभे आहे. आत शिरताच डाव्या-उजव्या हाताला काय दिसले यापेक्षा 'गार वाटले' हेच आधी आठवते.

फोटोच्या शौकिनाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बागेला लागूनच १८७२ साली खुले झालेले संग्रहालय आहे. त्याला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, म्हणजे फोटोची कला जगाला जाहीर होऊन जेमतेम पंधरा वर्षे झाली असताना. भाऊंचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या आरंभीच्या मंडळींपैकी, स्वतः फोटो काढणारे. संग्रहालयाबाहेर घारापुरीचा तो दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, तेव्हा तो उचलताना खाली पडून फुटला. पुढे १९१४ साली तुकडे जोडून त्याला पुन्हा उभा केला. अण्णांच्या तिसऱ्या फोटोत तो आहे, आणि सांधे स्पष्ट दिसतात.

निगेटिव्ह सापडल्या तेव्हा मी त्या कोठे तरी देऊन फोटो करून घेतले असते आणि प्रकरण संपले असते. पण सातवी निगेटिव्ह खिडकीशी धरली आणि अडलो. निगेटिव्हमध्ये उजेडाचे काळे होते आणि काळोखाचे पारदर्शक. झाडाखालची सावली तेथे जवळजवळ स्वच्छ काचेसारखी होती. 'जवळजवळ' हा शब्द मी जाणूनबुजून लिहीत आहे. डोळे ताणून पाहिले की त्या स्वच्छ जागेत एक धुरकट डाग आहे असा भास होई. हे काम दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाही, आधी आपण शिकायचे, असे मी तिथल्या तिथे ठरवले.

कॅमेरा चालू स्थितीत होता. त्यात बसणारी फिल्म आजही मिळते. ती घेऊन मी बागेत गेलो आणि त्याच वाटांनी फिरून बारा फोटो काढले. घरी आलो, पुस्तकात वाचल्याप्रमाणे काळोखात चाचपडत रोल टाकीत भरला, आणि बाटल्यांची गफलत करून डेव्हलपरच्या आधी हायपो ओतला. त्याचा परिणाम असा, की बाहेर आली ती लांबच लांब, निष्कलंक, पारदर्शक पट्टी. सौभाग्यवती म्हणाल्या, "स्वच्छ मात्र छान निघालंय हं!" तेव्हापासून माझ्या बाटल्यांना लाल आणि हिरवे दोरे बांधलेले असतात.

ही गफलत प्राणघातक का, ते सांगायला हवे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. फोटो काढताना उजेड ज्या कणांवर पडतो, त्यांत चांदीचे केवळ मोजके अणू सुटे होतात. तेवढ्याने डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण खूण झालेली असते. डेव्हलपर त्या खुणा ओळखतो आणि खूण असलेल्या कणाची सबंध चांदी करून टाकतो. चांदीचा तो बारीक चुरा आपल्याला काळा दिसतो. ज्यावर खूण नाही तो कण तसाच राहतो, आणि हायपो नंतर येऊन त्याला विरघळवून नेतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ सालीच हेरला होता, फोटोचा जन्मही व्हायचा होता तेव्हा. त्याला जर आधी आत सोडले, तर तो खूण झालेले आणि न झालेले असा भेद करीत नाही. सगळेच घेऊन जातो.

आमच्या घरचा डेव्हलपर जुन्या वळणाचा आहे, डी-७६. कोडॅकच्या शास्त्रज्ञांनी तो १९२७ साली बसवला. त्याची पाककृती कोणत्याही गृहिणीला मान्य होईल इतकी सुटसुटीत आहे: एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. तितकेच पाणी घालून पातळ केला की माझी नेहमीची फिल्म २० अंशांवर सुमारे अकरा मिनिटांत तयार होते.

मात्र हे २० अंश आणायचे कुठून? पुस्तके लिहिणारे लोक थंड मुलखातले. डोंबिवलीत मे महिन्यात नळाचे पाणीच ३० अंशांच्या वर असते. पाणी ऊन असले की डेव्हलपर चेकाळतो, वेळ आवरता येत नाही, आणि फार झाले तर फिल्मवरचा थर मऊ पडून सुरकुततो. म्हणून फ्रीजमधला बर्फ पिशवीत बांधून तो परातीत ठेवायचा, परातीत पाणी, आणि पाण्यात बाटल्या. बर्फ थेट औषधात टाकायचा नाही, नाही तर औषध पातळ होते. रविवारी आमच्याकडे सरबताला बर्फ मिळत नाही, ही या कलेविरुद्ध घरातली दुसरी तक्रार.

पुढचे काम धीराचे. औषध ओतले की पहिला अर्धा मिनिट टाकी हळूहळू उलटी-सुलटी करायची, नंतर दर मिनिटाला दहा सेकंद. हलवणे कमी पडले तर चट्टे राहतात, आणि जोरात घुसळले तर उजळ भाग भडक होतात. ताक घुसळण्यापेक्षा पाळणा हलवण्याशी याचे नाते अधिक. मग क्षणभर व्हिनेगरचे पाणी, मग हायपो, मग धुणे. वाहत्या नळाखाली अर्धा तास धरायची जुनी रीत आपल्याला परवडणारी नाही. विलायतेतल्या इलफर्ड कंपनीने सुचवलेली रीत बरी: टाकी भरून पाच वेळा उलटी करावी, पाणी टाकून द्यावे, पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. तीन तांब्यांत काम होते. पाण्यासाठी भांडी लावून ठेवणाऱ्या चाळीत वाढलेल्या माणसाला ही रीत पाहून धन्य वाटते.

शेवटी रोल चिमट्याने दोरीवर टांगायचा. त्या आधी गरम पाण्याचा नळ दोन मिनिटे सोडावा. वाफेने खोलीतली धूळ खाली बसते. ही युक्ती मला पुष्कळ रोल धुळीने माखल्यावर कळली.

दुसरा रोल उमटला, आणि मी निराश झालो. बाग दिसत होती, पण ती बाग नव्हती. डोळ्यांना जी हिरवाई पन्नास छटांची दिसली, ती फिल्मवर एकाच करड्या रंगाची गोधडी होऊन पडली होती. याला कारण आहे. आपला डोळा हिरव्याला सर्वांत जास्त ओळखतो. फिल्मला त्याचे तितके कौतुक नसते. शिवाय काळ्या-पांढऱ्यात रंगाचा भेदच नाहीसा होतो. हिरव्या पानांतली लाल जास्वंद डोळ्यांना साद घालते, फोटोत ती पानात पान होऊन बसते. पिवळसर-हिरवी काच भिंगापुढे धरली की पाने उजळतात आणि फुले काळवंडतात. पिवळी काच निळे आकाश जरा गडद करते, तांबडी तर दुपारी वादळ उभे करते. पण प्रत्येक काच उजेडाचा आपला वाटा आधी कापून घेते. पिवळीने सुद्धा उजेड निम्म्यावर येतो.

शहरातली बाग हा फोटोचा सर्वांत कठीण देखावा आहे, असे माझे मत होत चालले आहे. डोंगर, समुद्र यांच्यावर ऊन सारखे पडते. बागेत एका पावलावर लख्ख ऊन आणि पुढच्या पावलावर गर्द सावली. त्यात कवडसे. कवडसे हे पानांच्या बारीक फटींतून पडलेले सूर्याचेच गोल फोटो असतात, हे मला या नादात नव्याने कळले. म्हणजे फोटो काढायला गेलेल्या माणसाच्या आधी झाडाने शेकडो फोटो जमिनीवर काढून ठेवलेले असतात. पॅरिसचा आत्झे आयुष्याच्या अखेरीस, १९२५ साली, सो नावाच्या ओसाड पडलेल्या बागेत जड कॅमेरा घेऊन वारंवार जाई. न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कर्तेझ १९५२ पासून पुढे कित्येक वर्षे आपल्या बाराव्या मजल्यावरून वॉशिंग्टन चौकातली बाग टिपत राहिला. एकाच बागेत माणसे पुन्हा पुन्हा का जातात हे मला आधी समजत नव्हते. बाग तीच असते, पण सावली रोज निराळी असते.

या सावलीबाबत फोटोवाल्यांचा एक जुना नियम आहे. सावली पाहून फोटो काढावा, ऊन पाहून रोल धुवावा. उन्हाचा भाग डेव्हलपरमध्ये कमीजास्त वेळ ठेवून ताब्यात आणता येतो. सावलीचे तसे नाही. सावलीतल्या वस्तूकडून फिल्मवर जेवढा उजेड पोहोचला, तेवढाच. तो पोहोचलाच नसेल तर खूण नाही, आणि खूण नसेल तर डेव्हलपर बिचारा काय करणार? रोल तासभर भिजत ठेवा, सावली उमटणार नाही.

हा नियम मला पाठ होता. तरी मी सातवी निगेटिव्ह घेऊन वर्षभर झगडलो.

बंद पडलेल्या एका स्टुडिओतून जुना एनलार्जर आणला आणि न्हाणीघरात फळी टाकून बसवला. कागदावर छापायच्या कामाला लाल दिवा चालतो, म्हणून ते निदान डोळसपणे करता येते. निगेटिव्हमधून कागदावर उजेड टाकायचा. आधी एका पट्टीवर पाच, दहा, पंधरा, वीस सेकंद असे टप्पे घेऊन अंदाज बघायचा. कागद औषधाच्या तबकात सोडला की पंधरा-वीस सेकंद काहीच होत नाही. मग पांढऱ्यातून आधी खोडे येतात, मग मनोऱ्याची कड, आणि शेवटी पाने. मुलीने पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा ती तबकाखाली वाकून बघू लागली, कागदाखाली कोणी आहे का म्हणून.

येथे पुष्कळ हातचलाखी करता येते, आणि ती सगळे करतात. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची टिकली लावून ती उजेडात हलवत राहिले की तेवढा भाग फिका राहतो. भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून जास्त उजेड दिला की तो भाग गडद होतो. पावसाळ्यातले मुंबईचे आकाश कागदावर कोरेच्या कोरे येते. त्याला असे दहा-पंधरा सेकंद जास्त द्यावे तेव्हा कुठे त्यात ढग असल्याचा पुरावा मिळतो. अमेरिकेचा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आधी पियानो शिकलेला. तो निगेटिव्हला स्वरलिपीची उपमा देत असे, आणि छापलेल्या फोटोला मैफिलीची. फ्रान्सचा ल ग्रे तर १८५६-५७ च्या सुमारास समुद्र एका निगेटिव्हमधून आणि आकाश दुसरीतून घेऊन एका कागदावर छापी. म्हणजे 'फोटो कधी खोटे बोलत नाही' हे फोटोवाल्यांनी स्वतः कधीच मानलेले नाही.

मी सातव्या फोटोतली सावली टिकलीने झाकून पाहिली. काळ्याचे करडे झाले. करड्यात काही नव्हते. कागदाची जात बदलली, जांभळट काच लावून काळ्या-पांढऱ्यातला भेद वाढवला. आठव्या की नवव्या प्रयत्नात त्या धुरकट डागाला आकार आला. एक कवडसा. त्या कवडशात एका हाताचा मनगटापासून खालचा भाग, दोन बांगड्या, आणि हातात धरलेल्या चपला. खाली साडीच्या काठाची एक रेघ. बाकी माणूस अंधारात.

त्या रात्री मला झोप आली नाही हे खरे. आई तिथे होती. पण चेहऱ्यापर्यंत कवडसा पोहोचला नव्हता.

माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या कामात आहे. कौतुकाने त्याला तो फोटो दाखवला. तो म्हणाला, "सर, आईंचा दुसरा फोटो असेल तर द्या, दोन मिनिटांत करतो." मी लग्नाचा फोटो दिला. दोन मिनिटे सुद्धा लागली नाहीत. झाडाखाली आई उभी होती, सबंध. चेहऱ्यावर पानांची सावली, ओठांवर किंचित हसू. मी ल ग्रेचे आकाश मुलांना सांगणारा माणूस. मला त्यात वावगे काय दिसणार? मी तो मोबाइलवर घेतला आणि येता-जाता पाहू लागलो. चार दिवसांनी कॉलेजातून परत येताना गाडीत डोळे मिटले, आणि आई आठवायला गेलो तर तोच चेहरा समोर आला. दुसरा येईना. सात वर्षांच्या मुलाच्या आठवणी किती असतात! एक-दोन होत्या, त्या मागे सरकल्या होत्या. मला गाडीत घाम फुटला.

घरी येऊन मी तो फोटो अण्णांपुढे धरला. अण्णा ऐंशीचे आहेत. मोतीबिंदूनंतर त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. त्यांनी बराच वेळ पाहिले.

"खूण कुठाय?" ते म्हणाले.

"कसली खूण?"

"भुवईवरची. लहानपणी पायरीवर पडली होती ती. हा एवढा व्रण होता."

मला तो व्रण आठवत नव्हता. मी धावत जाऊन लग्नाचा फोटो आणला. त्यातही व्रण नव्हता.

"त्यात कसा असेल?" अण्णा म्हणाले. "स्टुडिओवाल्याने पेन्सिल फिरवून घालवला. तेव्हा सगळ्यांचंच तसं करीत. तुझ्या आईला राग आला होता. म्हणाली, एवढे पैसे दिले आणि माझा फोटो काढलाच नाही."

जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलने चेहऱ्यावरचे डाग बुजवीत असत. हे मी पुस्तकात वाचले होते, पण आमच्या भिंतीवर तीच कारागिरी अठ्ठेचाळीस वर्षे टांगलेली आहे हे ठाऊक नव्हते. यंत्राने तोच बुजवलेला चेहरा घेतला आणि आणखी गुळगुळीत केला. त्याला दुसरे काय मिळाले होते?

मोबाइलमधला फोटो मी अण्णांसमोरच पुसून टाकला. मग माझा छापलेला फोटो त्यांच्या हातात दिला, हात आणि चपला असलेला.

"नवी चप्पल होती," ते लगेच म्हणाले. "चिखल झाला होता ना. म्हणून हातात धरलीन."

आणखी काही तरी बोलतील म्हणून मी थांबलो. पण अण्णांना देखाव्याची हौस. ते फोटो दिव्याखाली नेऊन झाडाकडे बघत होते. ते झाड आज तेथे नाही. मी त्याची जागा शोधून आलो आहे. तिथे आता बाकडे आहे.

"हे खोड असं राखाडी का केलंस?"

सावलीतून आई काढण्याच्या नादात मी सबंध झाड टिकलीने झाकून फिके केले होते, ते सांगितले.

"छे छे. नुकता पाऊस पडून गेला होता. भिजलेलं खोड किती काळं दिसतं! आणि वरून ऊन. तेवढ्याचसाठी तर मी तो फोटो काढला. ती मागे जाऊन उभी राहिली हे मला बटण दाबल्यावर कळलं."

पुढच्या दुसऱ्या रविवारी मी पुन्हा आत बसलो. टिकली बाजूला ठेवली. झाडाला सबंध बावीस सेकंद दिले आणि भोकाच्या पुठ्ठ्याने आकाशाला बारा. ओला फोटो वाळल्यावर थोडा गडद होतो, तेवढा हिशेब धरला. खोड काळेभोर आले, मागच्या गवतावर ऊन आले, आणि त्या काळ्यात मनगटाएवढी एकच जागा पांढरी राहिली. अण्णा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. फोटो चिमट्याला लावून मी दार उघडले.

"आता बरोबर," ते म्हणाले. "आणखी एक काढ. तुझ्या मावशीला पाठवायचा आहे."

हायपो संपत आला होता. तो नवा कालवायला बसलो.